मोटर बदलू, की आधी गिअर बघू?

वाचकांचे प्रश्न : जुन्या मॉडेल डिझेल इंजिनांची चाल

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, मॉडेल रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन आहे, आवडतं आहे, दिसायला अजून देखणं आहे, पण चालत नीट नाही, तर आतली सगळी यंत्रणा बदलावी का. म्हणून हा अख्खा अंक याच विषयाला दिला. सुरू करण्याआधी एकच सांगतो, इंजिनाखालच्या चाकांच्या गाडीला काहीजण बोगी म्हणतात, पण आपण मराठीत बोगी म्हटलं की डबाच डोळ्यासमोर येतो, म्हणून इथे मी सगळीकडे 'ट्रक' असं लिहिलंय.

प्रश्न : दादा, वडिलांच्या खोक्यात एचओ स्केलचं (खऱ्याच्या ८७ पट लहान) ॲथर्न या अमेरिकन मॉडेल कंपनीचं जुनं जीपी-९, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन डिझेल इंजिनाचं मॉडेल, सापडलं. आत गिअरच नाहीत, रबर बँड आहेत आणि तेही कुजून चिकट झालेत. नवे बँड लावून बघितले तर इंजिन सुटतं ते थेट वळणावर रूळ सोडून खाली. चांगली मोटर बसवली तर हे हळू चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि दोष मोटरचा नाहीये. तुमच्याकडचं इंजिन ॲथर्नने १९५० च्या दशकाच्या शेवटी काढलेल्या रबर बँडवाल्या ड्राइव्हचं आहे. मधे मोटर, तिचा लांब शाफ्ट दोन्ही टोकांना ट्रकवरून जातो आणि तिथून प्रत्येक एक्सलवर एकेक बँड. वेग कमी करणारं मधे जवळजवळ काही नाहीच, शाफ्टची जाडी आणि एक्सलवरच्या ड्रमची जाडी यात जो फरक असेल तेवढाच. स्वस्तात चालणारं इंजिन मुलांच्या हाती देणं हा त्यामागचा विचार होता आणि तो त्यांनी साधला, पण शंटिंगसाठी, म्हणजे डबे हळूहळू मागे-पुढे हलवण्यासाठी, ते बनलेलंच नव्हतं.

जरा हिशोब करून बघा म्हणजे लक्षात येईल. खरं इंजिन ताशी १०० किमीने धावतं तेव्हा सेकंदाला साधारण २८ मीटर जातं, एचओ म्हणजे १:८७, म्हणजे आपलं इंजिन सेकंदाला ३२ सेंटिमीटर गेलं पाहिजे. चाकाचा व्यास सुमारे ११.७ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ३७ मिमीच्या आसपास अंतर. म्हणजे चाक सेकंदाला नऊपेक्षाही कमी वेळा फिरायला हवं, मिनिटाला सव्वापाचशे फेरे धरा. आणि मोटर १२ व्होल्टला मिनिटाला काही हजार फेरे मारते! हा मधला फरक कोणीतरी खायला हवा ना, तो गिअर खातात, रबर बँड खात नाहीत. मोटर कितीही भारी आणा, हा फरक तसाच राहणार.

मग करायचं काय, तर याच बॉडीची इंजिनं ॲथर्नने पुढे गिअर ड्राइव्हवर काढली, तीच निळ्या खोक्यातून विकली जाणारी. त्यातलं एखादं जुनं, बॉडी फुटलेलं पण चेसिस धड असलेलं इंजिन मिळालं तर तुमची बॉडी त्या चेसिसवर चढवायची. बसवताना बॉडीच्या आतल्या खाचा आणि चेसिसच्या कडेचे कान जुळतात का ते आधी हाताने दाबून बघा, घाईत जोर लावला की जुनं प्लॅस्टिक कडेला तडकतं. नवीन यंत्रणा जुन्याच चेसिसमधे कापून-घासून बसवणारे लोकही आहेत, पण पहिल्याच कामाला त्या वाटेला जाऊ नका.

आणि एक कळकळीने सांगतो, वडिलांची मूळ चेसिस टाकू नका. कुजलेले बँड काढा, ड्रमवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि कागदात गुंडाळून त्याच खोक्यात ठेवा. पुढेमागे कोणाला ते इंजिन जसं होतं तसं बघावंसं वाटलं तर अर्ध्या तासात परत जोडता येईल.

प्रश्न : माझ्याकडे गिअरवालं जुनं निळ्या खोक्यातलं डिझेल आहे, चालतं पण आवाज गिरणीसारखा येतो, आणि सुरू होताना एकदम झटका देऊन उडी मारतं. बंद धातूच्या आवरणाची नवीन मोटर आणि दोन पितळी फ्लायव्हील (मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या, चाल एकसारखी ठेवणाऱ्या जड चकत्या) आणून ठेवलेत. कसं बसवायचं ते पायरीपायरीने सांगा.

उत्तर : सांगतो, पण आणलेली मोटर आज संध्याकाळपुरती बाजूला ठेवा. आवाज नेमका कुठून येतोय ते कळल्याशिवाय मोटर बदलली तर बऱ्याचदा होतं असं की खर्च होतो, दिवस जातो आणि तीच घरघर नव्या मोटरसोबत ऐकू येते. मी स्वतः सुरुवातीला दोन इंजिनांवर हेच केलंय, मोटर शांत झाली आणि मग ट्रकमधली करकर जास्तच ठळक ऐकू यायला लागली.

बॉडी काढा. मोटर आणि ट्रकच्या मधले दोन्ही प्लॅस्टिकचे ड्राइव्ह शाफ्ट काढून ठेवा. आता नुसती मोटर चालवा, एकटी. शांत आहे? मग आवाज मोटरचा नाही. आता एकाच बाजूचा शाफ्ट लावा, पुन्हा चालवा, मग तो काढून दुसऱ्या बाजूचा. ज्या बाजूला आवाज वाढला तो ट्रक खाली उतरवा आणि बोटाने वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा गिअर, फिरवत बघा. तो वर्म जिथे फिरतो त्या दोन्ही टोकांना छोटे बेअरिंग आणि पातळ वॉशर असतात. वर्म पुढे-मागे ढकलून बघा, कागदाच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतका हलला तर ठीक आहे, त्याहून जास्त सरकत असेल तर आवाजाचा मोठा वाटा तिथेच आहे. याची अजून एक खूण म्हणजे उतारावर इंजिन हिसके देत चालतं, कारण मागून गाडी ढकलते आणि वर्म पुढच्या-मागच्या भिंतीवर आपटत राहतो. एक पातळ वॉशर वाढवलं की हे थांबतं. पण वर्म अडेल इतकं घट्ट करू नका, बोटाच्या एका टिचकीने तो फिरला पाहिजे.

मग गिअर. प्लॅस्टिकच्या गिअरला साच्यातून निघताना राहिलेली बारीक कड असते, ती एका दाताला जरी राहिली असली तरी दर फेऱ्याला टक्क वाजते. भिंगातून बघा, धारदार ब्लेडने ती कड अलगद खरवडून काढा. काहीजण टूथपेस्ट घालून ट्रक तासभर फिरवतात म्हणजे दात एकमेकांत घासून गुळगुळीत होतात, हे चालतं, पण नंतर ट्रक पूर्ण उघडून साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवायचा, दोनदा धुवायचा, कारण त्यातली पूड आत राहिली तर ती घासतच राहते आणि वर्षभरात दात बारीक होतात. मी तर टूथपेस्ट शेवटचा उपाय म्हणूनच धरतो.

आता उडी मारण्याचं. ते बहुतेक करंट नीट न मिळाल्यामुळे होतंय. या जुन्या चेसिसमधे एका रुळाचा करंट ट्रकच्या धातूमधून थेट चेसिसमधे येतो, ट्रक जिथे टेकतो त्या उंचवट्यातून, आणि तिथे हमखास गंज किंवा रंग असतो. दुसऱ्या रुळाचा करंट ट्रकच्या उभ्या पट्टीतून मोटरच्या डोक्यावरच्या लांब पत्र्याला नुसता टेकलेला असतो, कुठे जोडलेला नसतो. म्हणजे दोन्हीकडे 'लागलं तर लागलं' असा कारभार. बारीक आणि लवचिक वायर घ्या, ट्रकच्या पट्टीला एक सोल्डरचा डाग द्या, चेसिसला स्क्रूखाली एक टोक दाबा, आणि ट्रक वळायला पुरेल इतकी वायर सैल सोडा. जुन्या इंजिनांची चाकं सिंटर्ड लोखंडाची, खरखरीत असतात आणि त्यांच्यावर काळा थर पटकन साचतो, ती बदलून निकेल सिल्व्हरची बसवलीत तर तुमच्या इंजिनात सगळ्यात मोठा फरक त्याने पडेल असं मला वाटतं, मोटरपेक्षाही.

एवढं सगळं करून मग मोटर. आधी गिअरचा रेशो मोजा, चाकावर पेनने एक टिंब काढा, मोटरकडचा शाफ्ट हाताने फिरवा आणि चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायला किती फेरे लागले ते मोजा. समजा १२ आले. तुमची नवी मोटर १२ व्होल्टला मिनिटाला १०,००० फेरे मारत असेल तर इंजिनाचा स्केल वेग येतो ताशी जवळपास १६० किमी. मालगाडीच्या गिअरचं खरं जीपी-९ १०५ किमीच्या आसपास थांबायचं. म्हणजे मोटर कमी फेऱ्यांची घेतलेली बरी, नाहीतर कंट्रोलरचं बटण दोन-तृतीयांश फिरलं की खऱ्या इंजिनाचा कमाल वेग गाठला आणि बाकीचा भाग वायाच.

फ्लायव्हील शाफ्टवर बसवताना हातोडी अजिबात नको. माझ्याकडून असा एक शाफ्ट वाकलाय, केसाएवढाच वाकला असेल पण त्या इंजिनाची थरथर शेवटपर्यंत गेली नाही, मोटरच बदलावी लागली. छोट्या वाइसमधे सरळ रेषेत, हळूहळू दाबत न्यायचं, आणि दाब मोटरच्या डब्यावर न येता दुसऱ्या बाजूच्या शाफ्टच्या टोकावर आला पाहिजे. काढायचं असेल तर पुलर (सरळ ओढून काढायचं हत्यार) वापरा. भोक आणि शाफ्ट दोन्ही आधी व्हर्नियरने मोजा, २ मिमीचा शाफ्ट आणि २.४ चं भोक असेल तर मधे पितळी नळी घालावी लागते, नुसता गोंद भरून फ्लायव्हील कधी मधोमध बसत नाही. आणि फ्लायव्हील लांब घेण्यापेक्षा जाड घ्या, लांबी तीच ठेवून व्यास १० चा १२ मिमी केला तर परिणाम दुपटीच्या वर जातो, कारण जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. फक्त बॉडीच्या आत बसतंय ना ते बघा.

मोटर चेसिसला घट्ट चिकटवू नका. सिलिकॉन सीलंटचे दोन ठिपके पुरतात, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातून निघणारं ॲसिड तांब्या-पितळेला खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. सिलिकॉन ओलं असतानाच खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून मोटरची उंची अशी जुळवा की मोटरचा शाफ्ट आणि दोन्ही वर्म बाजूने बघितल्यावर एका ओळीत दिसतील. डोळा चेसिसच्या पातळीला आणून, मागे उजेड ठेवून बघा. ही दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, कारण शाफ्ट तिरका राहिला तर युनिव्हर्सल जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) प्रत्येक फेऱ्यात थोडा जोरात आणि थोडा हळू फिरतो आणि तीच घरघर परत येते. एक दिवस तसंच ठेवा, मग पट्ट्या काढा.

प्रश्न : चांगलं चालणारं इंजिन अचानक लंगडायला लागलं. दर थोड्या अंतरावर टक, टक, टक. ट्रॅक तपासला, ठीक आहे.

उत्तर : रुळाचा एक सरळ तुकडा घ्या आणि दोन टकमधलं अंतर पट्टीने मोजा. ३६-३७ मिमी येत असेल तर प्रत्येक चाकाच्या फेऱ्याला एकदा वाजतंय, म्हणजे एक्सलवरचा गिअर फुटलाय. १९९० च्या दशकातल्या काही नामांकित मॉडेल्समधे हे इतकं होतं की मी असं इंजिन हातात आलं की चालवायच्या आधीच ट्रकचा खालचा पत्रा काढून बघतो. धातूच्या एक्सलवर प्लॅस्टिकचा गिअर घट्ट दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षं तो ताण सोसत राहतो आणि एक दिवस दातांच्या मधे केसासारखी चीर पडते. चीर पडली की दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तिथेच टक्क होतं.

चिकटवू नका, परत फुटतो. नवीन गिअरसह एक्सल मिळतो तो बसवा, आणि सगळे एकदम बदला, कारण एक फुटलाय म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. बदलल्यावर चाकांमधलं अंतर एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) गेजने, म्हणजे मापाच्या पट्टीने, तपासायला विसरू नका, एचओचा ट्रॅक १६.५ मिमीचा आहे, चाक अर्धा मिलिमीटर जरी आत सरकलं तर इंजिन पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन मार्गांना फुटतो तिथे, उडतं आणि लोक मग पॉइंट उखडत बसतात.

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे लिमा कंपनीचं एक आणि हॉर्नबी कंपनीचं रिंगफील्ड मोटरवालं एक मॉडेल डिझेल आहे, दोन्ही मोटरी चकतीसारख्या आणि ट्रकच्या आतच. सीडी ड्राइव्हमधली मोटर काढून यात बसवतात असं ऐकलंय. मी एक मोटर बसवून बघितली, दोन मिनिटं छान चालली आणि जळाल्याचा वास आला. काय चुकलं?

उत्तर : ताई, बसवण्यात चूक दिसत नाही, व्होल्टेजमधे आहे. जुन्या सीडी ड्राइव्हमधली ती मोटर साधारण ५-६ व्होल्टची असते आणि आपला कंट्रोलर १२ व्होल्टपर्यंत जातो. साध्या डीसीवर चालवणार असाल तर सिरीजमधे रेझिस्टर घालावाच लागतो, त्याची किंमत मोटर किती करंट घेते ते मोजून ठरवायची, आणि रेझिस्टर गरम होतो म्हणून तो प्लॅस्टिकपासून लांब, शक्यतो वजनाच्या लोखंडी तुकड्याजवळ ठेवायचा. डीसीसीवर (रुळातून डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत) असाल तर सीव्ही ५ ही सेटिंग कमी करून कमाल वेग खाली आणता येतो, पण डिकोडर (इंजिनात बसवलेलं, त्या आज्ञा वाचणारं सर्किट) मोटरला पूर्ण व्होल्टेजचे बारीक तुकडे पाठवतो, म्हणून तिथेही मी जोखीम घेत नाही, १२ व्होल्टचीच मोटर शोधतो. मोटर निवडताना दोन तारांची, ब्रश असलेलीच घ्या. जिला चपटी रिबन केबल आहे ती ब्रशलेस, ती आपल्या कामाची नाही.

कोअरलेस मोटर हाही चांगला पर्याय आहे. तिच्या फिरत्या भागात लोखंड नसतं म्हणून ती अडकत-अडकत सुरू होत नाही, अगदी मुंगीच्या चालीने सुटते आणि करंटही खूप कमी घेते. पण ती उष्णतेला नाजूक असते आणि जुन्या पल्सवाल्या कंट्रोलरवर तापते, तेव्हा आधी कंट्रोलर बदला आणि मगच ती घ्या.

पण या दोन्ही इंजिनांत मोटरइतकाच दुसरा प्रश्न आहे. मोटरचा ट्रक एका रुळावरून करंट घेतो आणि पुढचा रिकामा ट्रक दुसऱ्या रुळावरून, शिवाय मोटरच्या ट्रकच्या काही चाकांना रबरी टायर असतात, ती तर करंट घेतच नाहीत. म्हणजे एवढ्या मोठ्या इंजिनाचा सगळा भार दोन-चार चाकांवर. मोटर कितीही गुळगुळीत असली तरी पॉइंटच्या मधल्या प्लॅस्टिकवर इंजिन थांबणारच. फॉस्फर ब्राँझची बारीक तार घ्या, तिचं टोक थोडं वळवून चाकाच्या पाठीला हलकं टेकेल असं करा, दोन्ही ट्रकच्या दोन्ही बाजूंना. दाब इतकाच ठेवा की ट्रक हातावर उलटा धरून चाकाला फुंकर मारली तरी चाक थोडं हलेल. माझ्या मते ताई, तुम्ही आधी हे करा आणि जुनी मोटर साफ करून बघा, कदाचित नवीन मोटरची गरजच पडणार नाही.

प्रश्न : जुन्या ब्रास डिझेलमधली उघड्या फ्रेमची मोटर साफ करायला आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) बाहेर काढलं, धुतलं, परत बसवलं. आता मोटर नुसती पळते, ताकद नाही आणि कंट्रोलर गरम होतो.

उत्तर : मॅग्नेट कमजोर झालाय. त्या काळच्या या मोटरींमधे ॲलनिको मॅग्नेट असायचे आणि त्यांचं असं असतं की मधलं लोखंड म्हणजे आर्मेचर काढलं की त्यांची शक्ती उतरते, परत बसवलं तरी ती आपोआप येत नाही. काढताना दोन पोलच्या मधे लोखंडी तुकडा सरकवत न्यायचा असतो म्हणजे चुंबकाचा लोखंडातला रस्ता तुटत नाही. आता झालंय ते झालंय, वाईट वाटून घेऊ नका, उलट ही मोटर आता पूर्वीपेक्षा चांगली करता येईल. जुना मॅग्नेट काढून त्या जागी छोटे निओडिमियम मॅग्नेट बसवा, जागा उरेल तिथे लोखंडाचेच तुकडे भरा, प्लॅस्टिक किंवा पितळ नको, कारण चुंबकाचा रस्ता लोखंडातूनच पूर्ण झाला पाहिजे. एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर सगळ्यांचा उत्तर ध्रुव एकाच बाजूला. असं केल्यावर मोटर हळू फिरते, जोर वाढतो आणि करंट कमी लागतो. उलट दिशेने फिरली तर दोन वायरींची अदलाबदल करा. आणि बसवताना बोटं सांभाळा, हे मॅग्नेट एकमेकांवर आपटले तर फुटतात आणि कपचे उडतात, चष्मा घाला.

प्रश्न : यंत्रणा सगळी नीट केली, आता डीसीसी डिकोडर टाकायचाय. मित्राने टाकला तेव्हा पहिल्याच मिनिटाला धूर निघाला. माझं कसं वाचवू?

उत्तर : मोटर चेसिसपासून वेगळी करा, यातच निम्मं काम आहे. वर सांगितलं तसं जुन्या चेसिसमधे एका रुळाचा करंट चेसिसमधूनच मोटरच्या खालच्या ब्रशला जातो. खालच्या क्लिपला छोटे टोकदार दात असतात, ते चेसिसला टेकतात. डिकोडरच्या मोटरच्या वायरला रुळाचा करंट थेट लागला की डिकोडर गेलाच. ती क्लिप काढा, दात कापा, तिला वायर सोल्डर करा आणि उलटी बसवा, खाली चेसिसवर इन्सुलेशन टेपचे दोन थर द्या. मग मल्टीमीटर लावा, एक टोक मोटरच्या ब्रशला, दुसरं चेसिसला. मीटर वाजला तर थांबा, शोधा. ट्रक हाताने डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवूनही तपासा, कधीकधी सरळ असताना ठीक असतं आणि वळणावर एखादी वायर टेकते.

मग वायरी, लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी मोटरला, हे रंग एनएमआरएने ठरवून दिलेत म्हणून कुठल्याही चांगल्या डिकोडरवर तेच असतात. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोन्हींची सामायिक. जुना बल्ब चेसिसला अर्थ केलेला असेल तर तोही सोडवा, हे बरेचजण विसरतात.

शेवटचं म्हणजे करंट. एचओचे बहुतेक डिकोडर साधारण १ अँपिअरचे असतात आणि जुन्या मोटरी अडल्यावर त्याच्या वर जाऊ शकतात. १२ व्होल्ट द्या, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, फ्लायव्हील बोटांनी घट्ट धरून एक सेकंद, फक्त एक सेकंद, आकडा बघा. एकच्या जवळ किंवा वर गेला तर ती मोटर डिकोडरला जोडू नका.

प्रश्न : सगळं झाल्यावर तेल कुठलं आणि किती?

उत्तर : बेअरिंगला प्लॅस्टिकला चालणारं पातळ तेल, सुईच्या टोकावर मावेल इतकं. गिअरला प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, दातांना लागेल इतकंच, ट्रक भरून नको. कम्युटेटरला (शाफ्टवरचा ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) तेल कधीच नाही, तिथे कापसाच्या काडीवर अल्कोहोल आणि खाचांमधला काळा कचरा लाकडी काडीने. गंज सोडवणारे स्प्रे इंजिनात मारू नका, काही तेलं जुन्या प्लॅस्टिकला ठिसूळ करतात.

तेल दिल्यावर लगेच जड गाडी जोडू नका. निम्म्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, एकटं इंजिन. मग खालचा पत्रा उघडून ग्रीसचा रंग बघा. राखाडी झालं असेल तर अजून काहीतरी घासतंय, ते शोधा. स्वच्छ राहिलं असेल तर डबे जोडायला हरकत नाही.